जुना स्टँपीड : ठेवायचा की विकायचा?

जुना आरसी (रिमोटवर चालणारा छोटा) ट्रक माळ्यावरून खाली आला की बहुतेक जण आधी तो दुरुस्त करायला घेतात आणि ठेवायचा की विकायचा हे नंतर ठरवतात. नवे टायर, नवी बॅटरी, जमलंच तर ब्रशलेस मोटर. मग विकायला काढल्यावर कळतं की गिऱ्हाईक या कशाचेच पैसे द्यायला तयार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून आम्ही क्रम उलटा ठेवला. तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही सुटा भाग मागवायचा नाही. फुकट होणाऱ्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर, आणि पैसा अगदी शेवटी.

टेबलावर होता ट्रॅक्सस कंपनीचा स्टँपीड. १:१० मापाचा, फक्त मागची चाकं ओढणारा, टायटन ५५० ब्रश्ड मोटर (आत ब्रश घासत वीज पोचवतात; १२ टर्न, म्हणजे तारेचे वेढे), एक्सएल-५ ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि २७ मेगाहर्ट्झचा एएम रिमोट. म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ सर्रास येण्याच्या आधीच्या पिढीतला. ठेवू की विकू हा प्रश्न खरा अवघड होतो तो अशाच ट्रकबाबत. हा दुर्मीळ नाही, त्यामुळे संग्राहक मागे लागणार नाहीत. आणि भंगारही नाही, कारण याचे बरेच भाग रस्टलर आणि बँडिट या त्याच कंपनीच्या भावंडांना चालतात आणि अजून नवे मिळतात.

पहिलं काम म्हणजे धुण्याआधी बघणं. धूळ बरंच काही सांगते. शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या तेलभरल्या नळीच्या) खालच्या टोकाला चिकट काळा थर असेल तर तेल गळतंय. गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलकट रेघ असेल तर आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर आलंय. मोटरच्या झरोक्यांभोवती काळी भुकटी म्हणजे ब्रश झिजलेत. फोटो काढून ठेवा आणि मगच कोरडा ब्रश चालवा. त्या काळच्या एएम रिसीव्हरला पाणी चालत नाही, म्हणून नळाखाली धरायचा मोह टाळा. बेअरिंगवर गंज सोडवायचा स्प्रे मारणं ही आणखी एक आवडती चूक. दोन दिवस चाक मस्त फिरतं, पण आतलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि पुढच्या धुळीत बेअरिंग आवाज करायला लागतं. प्लॅस्टिकसाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो.

चेसिस, म्हणजे ट्रकचा सांगाडा, नायलॉनच्या मिश्रणाची असते. तिच्यात तडे शोधायचे ते पुढच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिना जिथे बसतात तिथे, शॉक टॉवरच्या स्क्रूंपाशी आणि बॅटरीच्या कप्प्याच्या कोपऱ्यांत. ट्रक दोन्ही हातांत धरून हलका पिळायचा. पांढरी रेघ उमटली तर तिथे ताण बसलेला आहे. रेघ उघडझाप करत असेल तर तो तडाच. आर्म बदलता येतात आणि स्वस्त असतात. चेसिसच गेली असेल तर सगळा ट्रक सुटा करून नव्यात बसवावा लागतो आणि विकण्याच्या हिशेबात ते कधीच परवडत नाही. स्क्रू फिरवताना पकड न घेता नुसताच फिरत राहिला तर प्लॅस्टिकमधले आटे गेलेत. एकदोन ठिकाणी थोडा लांब स्क्रू चालतो. दहा ठिकाणी असं असेल तर आधीच्या मालकाने ट्रक अनेकदा घाईघाईत खोललाय, हे समजून पुढे जायचं.

खरा निकाल गिअरबॉक्समध्ये लागतो, म्हणून इथे वेळ द्यायचा. स्टँपीडचा मॅग्नम २७२ हा गिअरबॉक्स बंद डब्यासारखा असतो. नावातला २७२ म्हणजे आतलं २.७२ हे गुणोत्तर. स्परचे (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे) दात गुणिले २.७२ असं एकूण गुणोत्तर निघतं. ८६ चा स्पर आणि २० चं पिनियन असेल तर ११.७. हा आकडा आधीच काढून ठेवायचा, कारण आधीच्या मालकाने वेगाच्या हौसेपायी मोठं पिनियन बसवलं असेल तर मोटर आणि ईएससी किती भाजून निघालेत याचा अंदाज इथेच येतो.

मोटर काढा. मागची दोन्ही चाकं एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने स्पर फिरवून पाहा. थोडा जोर लावल्यावर स्लिपर क्लच (जास्त ताण आला की घसरून गिअर वाचवणारा भाग) घसरला तर ठीक. अगदी सहज फिरला तर दोन शक्यता. एकतर स्लिपर ढिला आहे, नाहीतर आतलं काहीतरी तुटलंय. दोन्हींतला फरक ओळखायला मार्करने स्पर आणि स्लिपरची धातूची प्लेट यांच्यावरून सलग एक रेघ ओढा आणि पुन्हा फिरवा. रेघ तुटली, म्हणजे स्परवरचा भाग एकीकडे आणि प्लेटवरचा दुसरीकडे गेला, तर दोष स्लिपरचा. नट आवळला की काम झालं. रेघ सलग राहूनही स्पर फिरतोय आणि चाकं मात्र ढिम्म, तर पिन, आतला गिअर किंवा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) गेलंय. विकणाऱ्याने ‘मोटर फिरते पण ट्रक चालत नाही’ असं लिहिलेलं असतं तेव्हा कारण यांपैकीच एक असतं. नाहीतर पिनियन शाफ्टवर पक्कं धरणारा छोटा ग्रब स्क्रू सुटलेला असतो. तेवढा एक स्क्रू आवळून चालू होणारे ट्रक लोक भंगारात काढतात.

मग डिफरन्शियल. स्पर बोटाने रोखून एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने, तेवढ्याच सहजतेने फिरलं पाहिजे. एका फेरीत एकदाच ‘टक्’ होत असेल तर एखादा दात तुटलाय. सतत खरखर असेल तर आत वाळू गेलीय. आमच्या ट्रकमध्ये खरखर होती, टक् नव्हतं. डबा उघडला तेव्हा ग्रीस काळं आणि दाट झालेलं, दात मात्र शाबूत. जुनं ग्रीस पुसून गिअरांच्या दातांना पातळसा थर दिला. डबा ग्रीसने ठासून भरण्यात अर्थ नाही. जास्तीचं ग्रीस बाहेर येतं आणि स्लिपरपर्यंत पोचलं की क्लच घसरायला लागतो.

स्परचे दात उजेडात तिरके धरून बघायचे. नव्या दाताचं टोक थोडं सपाट असतं, झिजलेल्याचं सुरीसारखं होतं. ४८ पिचचे दात बारीक असल्यामुळे बोटाला झीज कळत नाही, डोळ्याला कळते. स्पर झिजलेला असेल तर पिनियनही बदलायचं, नाहीतर जुनं पिनियन नवा स्पर महिन्याभरात खातं. परत बसवताना दोन्हींच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून आवळायची आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. कागदावर नागमोडी ठसे उठले पाहिजेत, कागद फाटता कामा नये. चाकांकडे जाणारे प्लॅस्टिकचे दुर्बिणीसारखे आतबाहेर सरकणारे शाफ्टही तपासायचे. सरकताना अडकत असतील किंवा नजरेला पिळलेले दिसत असतील तर या ट्रकला कधीतरी त्याच्या ताकदीबाहेरची मोटर लागली होती.

बेअरिंग एकेक करून बोटावर फिरवायची. ५×११×४ आणि ५×८×२.५ मिलिमीटर ही मापं आरसीत इतकी सर्रास आहेत की कंपनीच्या नावाचीच हवीत असं नाही. जुन्या ट्रकमध्ये काही ठिकाणी बेअरिंगऐवजी बुश (गोळ्या नसलेल्या साध्या कड्या) असतात. भोक अंडाकृती झालं की चाक डगडगतं आणि दातांची पकड बिघडते. गोळ्यांच्या बेअरिंगचा पूर्ण संच हा जुन्या ट्रकवर केलेला सगळ्यात शहाणा खर्च, मात्र ट्रक ठेवणार असलात तरच. विकताना त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

आता वीज. निकेल मेटल हायड्राइड पॅकवर ३००० एमएएच लिहिलेलं असतं, ते वाचून काही ठरवू नका. मोजा. ३ अँपिअरने डेल्टा-पीक (पॅक भरला की आपोआप थांबणारा) चार्ज, अर्धा तास विश्रांती, मग १ अँपिअरने प्रत्येक सेलमागे ०.९ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज. म्हणजे ६ सेलच्या पॅकला ५.४ व्होल्ट, ७ सेलच्याला ६.३. वर्षानुवर्षं पडून राहिलेला पॅक पहिल्या फेरीत कमी दाखवतो, म्हणून ३ फेऱ्या करायच्या. आमच्या पॅकने पहिल्यांदा १४०० दिले आणि तिसऱ्यांदा १७५०. लिहिलेल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली असलेला पॅक आम्ही शून्य किमतीचा धरतो. चाचणीपुरता तो चालतो. पांढरा जुना प्लग असेल तर त्याच्या पिनांभोवती तपकिरी डाग आहे का पाहा. डाग असेल तर तिथे रोध वाढून प्लग तापतो. अशा वेळी दोष बॅटरीचा नसतोच.

लिथियम पॉलिमर पॅक लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. एक्सएल-५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत व्होल्टेज खाली गेल्यावर थांबवण्याची सोय नव्हती, ती पुढे आली. ही सोय असलेल्या ईएससीचा दिवा चालू असताना हिरवा असेल तर ती चालू आहे, लाल असेल तर बंद. सोयच नसेल तर बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलच्या तारा येतात त्या छोट्या प्लगवर) बसणारा छोटा अलार्म लावल्याशिवाय असा पॅक वापरू नका. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की पॅक फुगायला लागतो. मोटरचंही बघा. एक्सएल-५ ला ५४० आकारात १५ टर्न आणि ५५० आकारात १२ टर्न ही मर्यादा आहे. आधीच्या मालकाने याहून कमी टर्नची मोटर लावलेली असेल तर ईएससीची गॅरंटी देऊन ट्रक विकू नका.

रिमोट हा जुन्या ट्रकचा सगळ्यात दुबळा भाग आणि बदलायला सगळ्यात सोपाही. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रंगांच्या नावाने ओळखले जाणारे ६ चॅनेल असतात : तपकिरी २६.९९५, लाल २७.०४५, नारिंगी २७.०९५, पिवळा २७.१४५, हिरवा २७.१९५ आणि निळा २७.२५५. रिमोट आणि रिसीव्हरचे क्रिस्टल (चॅनेल ठरवणारे छोटे सुटे भाग) एकाच रंगाचे लागतात, पण ते अदलाबदल करून चालत नाहीत. रिसीव्हरचा क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झने खाली असतो. ट्रक अजिबात ऐकत नसेल तर हे आधी तपासा. साफसफाईत क्रिस्टल उलटसुलट बसवले जाणं नेहमीचं. अँटेनाची वायर लोंबते म्हणून कापू नका, तिची लांबी मोजून ठरवलेली असते.

एएमची खरी अडचण पल्ल्याची नाही. सिग्नल तुटला की काय करायचं हे साध्या एएम रिसीव्हरला ठाऊक नसतं. सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) थरथरतो आणि ट्रक कधीकधी पूर्ण वेगाने सुटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या स्वस्त संचातही बहुधा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर ट्रक थांबवणारी सोय) असतं. तो बसवला की रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलला स्टिअरिंग, दुसऱ्याला ईएससी. मग चाकं जमिनीपासून वर उचलून ईएससीला नवा रिमोट शिकवायचा. ईएससीवरचं बटण दाबून धरा, दिवा हिरवा आणि मग लाल झाला की सोडा. एकदा लाल लुकलुकला की ट्रिगर पूर्ण ओढून धरायचा. दोनदा लुकलुकला की पूर्ण रिव्हर्सला ढकलून धरायचा. हिरवा लुकलुकला की झालं. सगळं उलटं चालत असेल तर रिमोटवरचा थ्रॉटलचा रिव्हर्स स्विच फिरवून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी रिमोट बंद करून पाहायचा. चाकं थांबली पाहिजेत.

सर्व्होची तपासणी वीज बंद ठेवून करायची. पुढची चाकं हळूच डावी-उजवीकडे ढकला. एका जागी अडकून मग ‘कट्’ होत असेल तर आतला दात गेलाय. नवा सर्व्हो घेताना जुन्या हॉर्नच्या (सर्व्होच्या टोकावर बसणाऱ्या छोट्या दांडीच्या) भोकातले दात मोजा, कारण २३, २४ आणि २५ दातांची टोकं मिळतात आणि डोळ्याला तिन्ही सारखीच दिसतात.

शॉकचं फार काही नाही. ओ-रिंग आणि ३० वेटचं सिलिकॉन तेल, पंधरा मिनिटं बुडबुडे निघू द्यायचे, टोपण लावायचं. बॉडीला तडा असेल तर आतून फायबरची जाळीदार टेप आणि लवचीक राहणारा गोंद. टायरचं मात्र नीट बघा. रबर नखाने दाबल्यावर परत येत नसेल, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा असतील, तर ते गेले. आणि नवे मागवताना फसायची जागा अशी : या स्टँपीडची पुढची चाकं हेक्सवर (आसावरच्या षटकोनी तुकड्यावर) बसत नाहीत, बेअरिंग रिमच्या आतच असते. १२ मिलिमीटर हेक्सची चार सारखी चाकं मागवली तर दोनच बसतात.

आता हिशेब. दोन याद्या केल्या. पहिलीत ट्रक सुरक्षित आणि खरा चालता व्हायला लागणारं : बॅटरी, रिमोट, स्पर-पिनियन. दुसरीत हौसेचं : बेअरिंग संच, टायर, शॉक, बॉडी. पहिल्या यादीचा खर्च चालत्या जुन्या ट्रकला मिळणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला तर विकण्यासाठी दुरुस्ती करायची नाही, आहे तसा विकायचा. ही आमची फूटपट्टी आहे, नियम नव्हे. समजा चालता ट्रक ८००० रुपयांना जातोय आणि पहिली यादी ५००० ची आहे. मग न दुरुस्त केलेला ट्रक ३५०० ला देणं हा तोटा नाही. दुसऱ्या यादीतला एकही रुपया विक्रीत परत येत नाही असंच धरून चाला.

भारतात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्या वर्षांत बाहेरून येणारा नवा ट्रक इतका महागला की चालू अवस्थेतल्या जुन्याला इथे मागणी टिकली. विकून नवा घेऊ असं म्हणणाऱ्याने आधी नव्याची दारात पोचलेली किंमत काढावी. परदेशातल्या संकेतस्थळावरची किंमत पाहून जुना विकून टाकलेले पुढे पस्तावतात.

संग्राहकांच्या ट्रकला मात्र हे सगळं लागू नाही. तामिया कंपनीचा ब्लॅकफूट १९८६ चा, क्लॉड बस्टर १९८७ चा आणि मॉन्स्टर बीटलही त्याच सुमाराचा. असं काही हाती लागलं तर वर सांगितलेली साफसफाईसुद्धा निम्मीच करा. मूळ टायरवर ट्रक चालवू नका, स्टिकरना अल्कोहोल लावू नका आणि यांत्रिक स्पीड कंट्रोलर जळका असला तरी पिशवीत घालून ट्रकसोबत ठेवा. आधी मूळ की पुनर्निर्मित ते ओळखा. ब्लॅकफूट २०१६ मध्ये आणि मॉन्स्टर बीटल २०१५ मध्ये कंपनीने पुन्हा काढला. खोक्यावर ५८०५८ असेल तर जुना ब्लॅकफूट, ५८६३३ असेल तर नवा. पुनर्निर्मिती आली की चालवण्यासाठी जुना शोधणारे लोक गळतात आणि राहतात ते फक्त मूळ खोकं, मूळ कागद मागणारे. वापरलेल्या, रंग बदललेल्या जुन्या नगाला मग फारसं कोणी विचारत नाही.

विकायचं ठरलंच तर अख्खा की सुटा? सुटे भाग विकून एकूण रक्कम जास्त येते हे खरं. पण मोटर, ईएससी, रिमोट, चाकं आठवड्यात जातात आणि चेसिस, आर्म, अर्धा गिअरबॉक्स वर्षभर घरात पडून राहतो. चेसिसला तडा असेल तरच सुटा विकावा. फोटोत वरून दिसणारी चकचकीत बॉडी एकच पुरे. बाकीचे फोटो पोटाकडून, स्परच्या दातांचे, टायरच्या भिंतींचे आणि बॅटरी मोजल्याच्या आकड्याचे. सोबत चाकं वर उचलून पुढे-मागे-डावी-उजवी असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आवाजासकट. जाणकार गिऱ्हाईक गिअरबॉक्स कानानेच तपासतं. दोष लिहून टाका. झाकली मूठ इथे चालत नाही, पार्सल उघडल्यावर ती उघडतेच.

पाठवताना चाकं काढून बॉडीच्या आत ठेवायची, अँटेनाची नळी वेगळी, ट्रकखाली पुठ्ठ्याचा ठोकळा, म्हणजे शॉक दाबलेले राहत नाहीत. लिथियम पॅक सोबत घालू नका. सुटे लिथियम-आयन पॅक मालवाहतूक म्हणून प्रवासी विमानातून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत बंदी आहे, आणि पार्सल कोणत्या मार्गाने जाईल हे आपल्या हातात नसतं.

आमच्या स्टँपीडचा निकाल ठेवण्याच्या बाजूने लागला. चेसिस शाबूत, डिफरन्शियल शाबूत, भाग मिळताहेत आणि विकून येणाऱ्या पैशांत याच्या निम्म्या दर्जाचंही नवं काही येत नव्हतं. पहिल्या यादीतलं तिन्ही घेतलं, दुसरीतलं फक्त बेअरिंग. टायर कडक झालेत, पण मातीवर अजून एक उन्हाळा निघेल. २७ मेगाहर्ट्झचा रिमोट, रिसीव्हर आणि क्रिस्टल एका पिशवीत घालून बाजूला ठेवले, कारण जुना संच दुरुस्त करणाऱ्यांना तेच हवे असतात.

पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा द्रव) लावून तो मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर आवळला. स्लिपर असा ठेवला की सुटताना अर्धा-एक मीटर ‘झिर्र’ असा आवाज यावा आणि मग पकड बसावी. ५ मिनिटांनी थांबून मोटर तपासली, तेव्हा बोट दोनतीन सेकंद टेकवता येत होतं. पहिला पॅक संपल्यावर स्पर-पिनियनची पकड आणि स्लिपरचा नट पुन्हा पाहिला. नट पाव फेरा ढिला झाला होता. पावसाळ्यात बॅटरी बाहेर, चाकं अधांतरी राहतील असा स्टँडवर ट्रक, आणि खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या.